अॅलन हॉजकिन : मज्जातंतूचा संदेश समीकरणात मांडणारा शास्त्रज्ञ

१९५१ सालच्या मार्च महिन्यात केंब्रिज विद्यापीठातील दोन शरीरक्रियाशास्त्रज्ञांच्या हाती चार समीकरणे तयार होती. जिवंत मज्जातंतूतून संदेश कसा धावतो, हे त्या समीकरणांनी सांगावे अशी अपेक्षा होती. परंतु ती सोडविल्याखेरीज खरेखोटे ठरणार नव्हते. समीकरणे परस्परांत गुंतलेली होती आणि कागदावर बीजगणिताने सुटणारी नव्हती. विद्यापीठाकडे 'एडसॅक' नावाचा संगणक होता, जगातील पहिल्या काही संगणकांपैकी एक. तो मात्र फेरबदलांसाठी सहा महिने बंद राहणार होता. तेव्हा दोघांपैकी धाकट्याने, अँड्र्यू हक्सले यांनी, हाताने फिरवायचे 'ब्रुन्सविगा' गणकयंत्र पुढे ओढले आणि एकेक पायरी मोजण्यास आरंभ केला. मज्जातंतूत काही सहस्रांश सेकंदांत घडून जाणारी घटना कागदावर उतरविण्यास सुमारे तीन आठवडे लागले. त्या आकडेमोडीमागे ज्यांची पंधरा वर्षांची प्रयोगसाधना उभी होती, ते दुसरे शास्त्रज्ञ म्हणजे अॅलन लॉइड हॉजकिन.

आज पेशींचे वर्तन संगणकावर उभे करणे ही जीवशास्त्राची रुळलेली वाट आहे. हृदयाच्या ठोक्यापासून मेंदूतील जाळ्यांपर्यंत प्रत्येक गोष्टीची संगणकीय प्रतिमाने तयार होतात आणि औषधांच्या परीक्षेत वापरली जातात. या वाटेवरचा पहिला भक्कम मैलाचा दगड हॉजकिन आणि हक्सले यांनी रोवला. आणि तो रोवला गेला तेव्हा संगणक त्यांच्या हाताशी नव्हता.

हॉजकिन यांचा जन्म ५ फेब्रुवारी १९१४ रोजी इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायर परगण्यातील बॅनबरी या गावी झाला. घराणे क्वेकर पंथाचे. म्हणजे युद्धाला तत्त्वतः विरोध करणारे, साधेपणाने राहणारे आणि विद्येला मान देणारे. 'हॉजकिन रोग' या नावाने जो लसीकाग्रंथींचा कर्करोग वैद्यकात ओळखला जातो, तो प्रथम वर्णन करणारे डॉक्टर टॉमस हॉजकिन याच घराण्यातील. अॅलन यांचे आजोबा, त्यांचेही नाव टॉमस, इतिहासकार म्हणून नावाजलेले होते. वडील जॉर्ज हॉजकिन यांनी केंब्रिजमध्ये निसर्गविज्ञानाचे शिक्षण घेतले होते. डोळे अधू असल्याने त्यांचा वैद्यकीकडे जाण्याचा विचार सुटला आणि ते बॅनबरीतील एका बँकेत नोकरीस लागले. केंब्रिजच्या दिवसांत त्यांची मैत्री झाली होती कीथ ल्यूकस यांच्याशी. हे ल्यूकस मज्जातंतूंच्या विद्युतक्रियेचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ होते. पुढे मुलाने हाच विषय जन्मभर जोपासावा, हा योगायोग लक्षात राहण्याजोगा आहे.

पहिले महायुद्ध पेटले आणि १९१६ साली ब्रिटनमध्ये सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा झाला. जॉर्ज हॉजकिन यांनी त्याला उघड विरोध केला. गावकऱ्यांचा रोष त्यांना सोसावा लागला. त्यांना कालव्यात फेकून देण्याचाही प्रयत्न झाला. त्याच वर्षी ते आर्मेनियन निर्वासितांची दैना पाहून आले आणि त्यांना मदत करण्यासाठी १९१८ साली पुन्हा निघाले. रशियातील क्रांतीमुळे उत्तरेकडचा मार्ग बंद झाला होता, म्हणून ते इराणच्या आखातातून निघाले. बगदादला आमांशाने गाठून त्यांचा अंत झाला. अॅलन तेव्हा चार वर्षांचे होते. सर्वांत धाकट्या भावाचा जन्म होऊन जेमतेम काही आठवडे लोटले होते. तीन मुलांना आई मेरी यांनी वाढविले.

नॉरफोक परगण्यातील ग्रेशम्स या शाळेत अॅलन यांना पक्षिनिरीक्षणाचा नाद लागला. तासन्तास एका जागी बसून पाहणे, पाहिलेले नीट टिपून ठेवणे आणि घाईने निष्कर्ष न काढणे, ही शिस्त त्यांना तेथे लागली. १९३२ साली ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले. जीवशास्त्राचा विद्यार्थी असूनही गणित आणि भौतिकशास्त्र यांचा पाया पक्का करून घेण्याचा सल्ला त्यांनी मानला आणि त्यासाठी खूप परिश्रम घेतले. ही तयारी नसती तर पुढची समीकरणे जन्मली नसती.

त्या काळी मज्जातंतूंविषयी एक मूलभूत प्रश्न अनुत्तरित होता. तंतूतून संदेश जाताना विजेची एक लहर पुढे सरकताना दिसते, हे ठाऊक होते. पण ती लहर हेच संदेशवहनाचे कारण, की आत काही रासायनिक क्रिया चालते आणि वीज ही केवळ तिची सावली? तरुण हॉजकिन यांनी बेडकाच्या मज्जातंतूचा एक छोटा भाग गोठवून संदेश अडविला आणि अडथळ्याच्या पलीकडे काय होते ते मोजले. संदेश पलीकडे पोहोचत नव्हता, पण त्याचा विद्युतप्रवाह थोड्या अंतरापर्यंत झिरपत होता आणि तेथील तंतू अधिक सहज उद्दीपित होत होता. अर्थ स्पष्ट होता : तंतूचा एक भाग शेजारच्या भागाला विजेनेच जागे करतो. १९३७ साली हे काम प्रसिद्ध झाले. त्याआधीच, १९३६ साली, ट्रिनिटीने त्यांना फेलो म्हणून निवडले होते.

१९३७-३८ हे वर्ष त्यांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये घालविले. या मुक्कामाने त्यांना दोन गोष्टी दिल्या. पहिली घरगुती : त्याच संस्थेतील विख्यात रोगविज्ञ पेटन राउस यांची कन्या मॅरियन यांच्याशी त्यांची ओळख झाली. पुढे, १९४४ साली, दोघांचा विवाह झाला. दुसरी शास्त्रीय : मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरील वुड्स होल येथे केनेथ कोल यांच्या प्रयोगशाळेत त्यांना स्क्विडचा महाकाय मज्जातंतू पाहावयास मिळाला.

स्क्विड म्हणजे कोकण किनाऱ्यावर ज्याला माकूल म्हणतात तो समुद्रजीव. संकट दिसताच हा प्राणी अंगातील पाणी जोराने बाहेर फेकून मागे झेपावतो. त्यासाठी स्नायूंना हुकूम विजेच्या वेगाने पोहोचावा लागतो, म्हणून त्याच्या शरीरात अर्ध्या ते एक मिलिमीटर जाडीचे मज्जातंतू असतात. माणसाच्या तंतूंच्या तुलनेत हे तंतू शेकडो पटींनी जाड. प्राणिशास्त्रज्ञ जे. झेड. यंग यांनी १९३६ च्या सुमारास त्यांचे महत्त्व शास्त्रज्ञांच्या ध्यानात आणून दिले. एकाच पेशीच्या आत साधन घालता येईल, अशी निसर्गाने दिलेली ही सोय होती.

१९३९ च्या उन्हाळ्यात हॉजकिन इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत पोहोचले. सोबतीला त्यांनी एकवीस वर्षांच्या अँड्र्यू हक्सले यांना घेतले. डार्विनचे खंदे पाठीराखे टॉमस हेन्री हक्सले यांचा हा नातू. यंत्रे बनविण्यात आणि गणितात असामान्य. दोघांनी मिळून काचेची केसासारखी बारीक नळी तंतूच्या कापलेल्या टोकातून आत सरकविली आणि पेशीच्या आतील विद्युतदाब प्रथमच थेट मोजला. जे दिसले ते प्रचलित सिद्धांताशी जुळणारे नव्हते.

१९०२ साली जर्मन शास्त्रज्ञ युलियस बर्नस्टाइन यांनी मांडले होते, की स्वस्थ पेशीचे पटल फक्त पोटॅशियमचे आयन आरपार जाऊ देते आणि त्यामुळे पेशीची आतली बाजू ऋण राहते. संदेशाच्या क्षणी पटल सर्वच आयनांना मोकळे होते आणि आत-बाहेरचा फरक शून्यावर येतो. प्लिमथच्या नळीने दाखविले, की फरक शून्यावर थांबत नाही. तो शून्य ओलांडून पलीकडे जातो आणि आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ४० मिलिव्होल्टनी धन होते. भोक पडलेल्या भांड्यातील पाण्याची पातळी बाहेरच्या पातळीपेक्षाही खाली जावी, तसा हा प्रकार होता. नुसते भोक त्याला पुरे पडत नाही. काहीतरी वेगळी प्रेरणा हवी.

शोध लागला आणि काही आठवड्यांतच दुसरे महायुद्ध सुरू झाले. ऑक्टोबरमध्ये 'नेचर' या नियतकालिकात दोघांचे एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले. त्यात निरीक्षण होते, स्पष्टीकरण नव्हते. उपकरणे बांधून ठेवावी लागली.

येथे हॉजकिन यांच्या आयुष्यातील नैतिक पेच उभा राहिला. ज्या वडिलांनी युद्धाला नकार देऊन गावाचा रोष ओढवून घेतला होता, त्यांचा हा मुलगा. पण १९३२ साली जर्मनीत राहून नाझींचे रूप त्यांनी जवळून पाहिले होते आणि तेव्हापासून निःशस्त्र विरोधावरील त्यांचा विश्वास उडाला होता. युद्ध सुरू होताच ते सरकारी संशोधनात रुजू झाले. आरंभी वैमानिकांच्या आरोग्याशी निगडित काम केले. १९४० पासून रात्री शत्रूची विमाने शोधणाऱ्या, विमानात बसविण्याच्या रडारवर. काही सेंटिमीटर लांबीच्या लहरी वापरणाऱ्या या यंत्रणेचा आकाश धुंडाळणारा भाग घडविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. चाचण्यांसाठी ते स्वतः विमानातून जात. वडिलांच्या मार्गापासून ते दूर गेले, पण त्यामागची कसोटी एकच होती : जे योग्य वाटते त्याची किंमत मोजावयाची. विज्ञानासाठी मात्र जवळपास सहा वर्षे गेली. याच काळात, १९४१ साली, बॉम्बवर्षावात प्लिमथच्या प्रयोगशाळेचीही हानी झाली.

१९४५ साली ते केंब्रिजला परतले. तेथील प्रमुख होते एडगर एड्रियन, जे स्वतः वडिलांच्या मित्राचे, कीथ ल्यूकस यांचे, शिष्य होते. त्याच वर्षी हॉजकिन आणि हक्सले यांनी १९३९ च्या प्रयोगांचा सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला आणि विद्युतदाब शून्य ओलांडण्याची चार संभाव्य कारणे सुचविली. त्यांतले एकही खरे ठरले नाही. आपली चूक छापील स्वरूपात कायम राहिली, याचा हॉजकिन यांनी पुढे कधी आडपडदा ठेवला नाही.

खरे कारण साधे होते. समुद्राच्या पाण्याप्रमाणे पेशीबाहेरच्या द्रवात सोडियम विपुल असते, पेशीच्या आत त्याच्या सुमारे एक दशांश. पटल काही क्षणांसाठी केवळ सोडियमला मोकळे झाले, तर धनभारित सोडियम वेगाने आत शिरेल आणि आतली बाजू धन होईल. १९४७ साली प्लिमथला हे तपासण्यात आले. यावेळी सोबती होते बर्नार्ड कॅट्झ, नाझींच्या छळामुळे १९३५ साली लाइपझिग सोडून ब्रिटनला आलेले शास्त्रज्ञ. दोघांनी तंतूभोवतीच्या पाण्यातील सोडियम कमी केले. संदेशाची उंची त्या प्रमाणात घटली. सोडियम पूर्ववत करताच ती पुन्हा वाढली. १९४९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

पण किती सोडियम, केव्हा आणि किती वेगाने? येथे अडचण अशी, की विद्युतदाब बदलला की पटलाची पारगम्यता बदलते आणि पारगम्यता बदलली की विद्युतदाब पुन्हा बदलतो. या चक्रात शिरून काही मोजणे अशक्य होते. वाट दाखविली ती वुड्स होलच्या केनेथ कोल यांनी. तंतूतील विद्युतदाब इलेक्ट्रॉनिक साधनाने एका पातळीवर रोखून धरावयाचा आणि तसा तो रोखण्यासाठी किती प्रवाह द्यावा लागतो हे मोजावयाचे. हॉजकिन यांनी हे तंत्र कोल यांच्याकडून जाणून घेतले, त्यात महत्त्वाच्या सुधारणा केल्या आणि १९४९ च्या उन्हाळ्यात एका महिन्याच्या आसपास चाललेल्या प्रयोगांतून हवी असलेली बहुतेक सर्व मोजमापे मिळविली. कोल यांना नोबेल पारितोषिक मिळाले नाही. पण त्यांच्या ऋणाचा उल्लेख हॉजकिन यांच्या लेखनात वारंवार येतो.

महिन्याभरात जमलेल्या मोजमापांचा अर्थ लावण्यास दोन वर्षे लागली. त्यांतून असे चित्र उभे राहिले : विद्युतदाब थोडा वाढताच सोडियमची वाट झपाट्याने उघडते, आणि ती उघडल्याने दाब आणखी वाढतो. थोड्याच वेळात ती वाट आपोआप बंद होते. दरम्यान पोटॅशियमची वाट सावकाश उघडते, पोटॅशियम बाहेर पडते आणि पेशी पूर्वस्थितीवर येते. या उघडझापीचा वेग त्यांनी गणिताने मांडला. सोडियमची वाट उघडण्यास तीन कल्पित घटक एकाच वेळी अनुकूल असावे लागतात आणि चौथा ती मिटवितो. पोटॅशियमसाठी चार घटक लागतात. हे घटक प्रत्यक्ष काय आहेत, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. मोजमापांशी गणित जुळावे म्हणून ते योजले होते.

आता प्रश्न खऱ्या कसोटीचा होता. समीकरणे तयार करताना दाब रोखून धरलेल्या तंतूची मोजमापे वापरली होती. धावत्या संदेशाची नव्हे. त्याच समीकरणांतून मुक्त तंतूतील संदेश आपोआप प्रकट होतो का? हक्सले यांच्या तीन आठवड्यांच्या आकडेमोडीने उत्तर दिले. कागदावर उमटलेल्या लहरीचा आकार खऱ्या लहरीशी जुळला. गणिताने संदेशाचा वेग सेकंदाला १८.८ मीटर निघाला. प्रत्यक्ष तंतूत तो २१.२ मीटर मोजला गेला होता. जिवंत पेशीच्या एका मूलभूत वर्तनाचे भाकीत भौतिकशास्त्राच्या काटेकोरपणाने करता येते, हे सिद्ध झाले. १९५२ साली या कामाचे पाच निबंध प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एकात कॅट्झ सहलेखक होते.

तरीही दोघांनी आपल्या यशाची मर्यादा शेवटच्या निबंधात स्वतःच नोंदविली. समीकरणे निरीक्षणांशी जुळतात एवढ्यावरून त्यांमागची कल्पित यंत्रणा खरी आहे असे मानू नये, हा इशारा त्यांनी वाचकाला दिला. प्रतिमान आणि वास्तव यांतील अंतर ओळखण्याची ही सावधगिरी आजही संगणकीय जीवशास्त्रात शिकण्यासारखी आहे.

हॉजकिन येथे थांबले नाहीत. प्रत्येक संदेशागणिक थोडे सोडियम आत येते, तर ते बाहेर कोण काढते? चार्ल्स डार्विन यांचे पणतू रिचर्ड केन्स यांच्यासमवेत त्यांनी १९५५ साली दाखविले, की पेशीची ऊर्जानिर्मिती विषाने थांबविली तर सोडियम बाहेर काढण्याचे कामही मंदावते. म्हणजे पेशी त्यासाठी ऊर्जा खर्च करते. त्याच वर्षी दोघांनी पोटॅशियमच्या हालचालीची मोजमापे घेतली आणि निष्कर्ष काढला, की हे आयन पटलातील लांब, अरुंद बोळातून एकामागोमाग एक रांगेने जात असावेत. ही कल्पना पडताळण्यासाठी त्यांनी एक पेटी बनविली. दोन कप्पे, मध्ये अरुंद वाट आणि आत धातूच्या गोळ्या. पेटी हलविली की गोळ्या इकडून तिकडे जात. विज्ञानातील हे प्रतिमान लहान मुलाच्या खेळण्यासारखे होते, पण त्यातून निघालेले आकडे तंतूतील मोजमापांशी जुळत होते. पुढे १९६१ च्या सुमारास पीटर बेकर आणि ट्रेव्हर शॉ यांच्यासह त्यांनी तंतूच्या आतला द्रव रूळ फिरवून पिळून काढला आणि साधे क्षारद्रावण भरले. तंतू तरीही संदेश वाहत राहिला. सारी किमया पटलातच आहे, याचा हा निर्विवाद पुरावा होता.

१९६३ साली हॉजकिन, हक्सले आणि ऑस्ट्रेलियाचे जॉन एकल्स यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तीन वर्षांनी, १९६६ साली, सासरे पेटन राउस यांनाही तेच पारितोषिक मिळाले. १९७० ते १९७५ हॉजकिन रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. १९७२ साली त्यांना 'सर' हा किताब आणि १९७३ साली 'ऑर्डर ऑफ मेरिट' हा सन्मान मिळाला. १९७८ ते १९८४ या काळात त्यांनी आपल्या ट्रिनिटी कॉलेजाचे प्रमुखपद सांभाळले. मानाच्या खुर्च्यांनी प्रयोगशाळा सुटली नाही. डोळ्याच्या पडद्यातील प्रकाशसंवेदी पेशी प्रकाशाला कसा प्रतिसाद देतात, याचा अभ्यास त्यांनी या वर्षांत चालू ठेवला.

दरम्यान त्यांची समीकरणे स्वतंत्रपणे जगात फिरू लागली होती. १९६० साली लंडनमध्ये डेनिस नोबल या तरुण संशोधकाने ती फेरफार करून संगणकावर चढविली आणि हृदयाच्या पेशींचा ताल त्यांतून उमटविला. १९७६ साली जर्मनीत एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी पेशीपटलातील एकेका सूक्ष्म वाहिनीतून जाणारा प्रवाह मोजला. १९५२ साली गणितात गृहीत धरलेल्या वाटा खरोखर अस्तित्वात होत्या. दंतवैद्य हिरडीत लिडोकेनची सुई टोचतो तेव्हा बंद होते ती हीच सोडियमची वाट, आणि अपस्माराच्या अनेक औषधांचे कार्यही तिच्यावरच चालते.

१९९२ साली हॉजकिन यांनी आत्मचरित्र प्रसिद्ध केले. योगायोग आणि योजना, शांतता आणि युद्ध, या दोन जोड्या त्यांनी त्याच्या शीर्षकातच गुंफल्या. अखेरच्या वर्षांत पाठीच्या कण्याच्या विकाराने त्यांना चालणे कठीण झाले. मज्जातंतूंचे रहस्य उलगडणाऱ्या माणसाच्या वाट्याला मज्जारज्जूवरील दाबाचे दुखणे यावे, हा दैवाचा विचित्र न्याय म्हणावा लागेल. २० डिसेंबर १९९८ रोजी केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी एप्रिल महिन्यात न्यूयॉर्कमध्ये, जेथे साठ वर्षांपूर्वी तरुण हॉजकिन वर्षभर राहिले होते त्याच रॉकफेलर संस्थेत, रॉडरिक मॅकिनन यांनी पोटॅशियम वाहिनीची अणुपातळीवरील रचना क्ष-किरणांनी उलगडून दाखविली. ती वाहिनी चार सारख्या घटकांची बनलेली होती. तिच्या अरुंद गळ्यात पोटॅशियमचे आयन एकामागोमाग एक रांगेत उभे होते.